पोकलेनचे मनगट

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या कचेरीसमोरचा रस्ता पाण्याच्या नळासाठी खणायला घेतला होता. माझे टेबल खिडकीला लागून असल्यामुळे फाइलीवरून मान वर केली की समोर ते काम दिसायचे. पिवळे पोकलेन सकाळी आले आणि पहिला हातभर तांबडा मातीचा थर त्याने तासाभरात उचलून टाकला. मग जांभा लागला. तोही दात खात खात निघाला. त्याखाली काळा दगड लागला आणि बकेटचे दात नुसते खरवडू लागले. ऑपरेटरने इंजिन बंद केले आणि तो खाली उतरला.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली ब्रेकर पडून होता. दोन पोरे घण घेऊन आली आणि बकेटच्या पिना ठोकून काढू लागली. कारकुनी सवयीने मी घड्याळ पाहिले. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. एक पिन निघाली. दुसरी चिखलाने आणि गंजाने अडकली होती. ती निघाली तेव्हा ब्रेकरची भोके आणि मशीनच्या हाताची भोके एका रेषेत येईनात. ऑपरेटर वर बसून हात इंचभर वर, इंचभर खाली करी आणि खालचा पोरगा वाकून भोकातून आरपार बघे. ब्रेकर बसून तेलाचे पाइप जोडून झाले तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटे उरली होती. दरम्यान रहदारी अडकली होती आणि एक म्हातारे गृहस्थ "बसून पगार खातात" असे मोठ्याने म्हणून गेले. ते आम्हा कारकुनांविषयी नव्हते, याचे त्या दिवशी आम्हांला जरा बरे वाटले.

पण माझ्या मनात वेगळाच विचार घोळत राहिला. लहानपणी आमच्या कुळागरात पाट काढायला एक कामगार यायचा. त्याच्या खांद्यावर खोरे, पिकास आणि पारय अशी तिन्ही हत्यारे असायची. माती असली की खोरे, मुरूम लागला की पिकास, दगड हलवायचा असला की पारय. एक हत्यार बाजूला टाकून दुसरे हातात घ्यायला त्याला श्वासाइतकाही वेळ लागत नसे. इतक्या प्रचंड यंत्राला मात्र त्यासाठी पाऊण तास आणि तीन माणसे लागावीत? माणसाचे मनगट जे सहज करते ते यंत्राला शिकवायला किती काळ लागला, हे शोधायला लागलो आणि एक मोठाच इतिहास हाती आला. तो आज वाचकांपुढे ठेवतो.

खणणाऱ्या यंत्राची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. विल्यम ओटिस या तरुणाने वाफेवर चालणारे फावडे तयार केले आणि १८३९ साली त्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, तो वारला. हे यंत्र रुळांवर उभे राही, समोरची माती एका लोखंडी डब्यात भरून घेई, बाजूला वळे आणि वाघिणीत ओती. एवढेच त्याचे काम. त्या डब्याऐवजी दुसरे काही लावायची सोय नव्हती आणि तशी कल्पनाही फारशी कोणी केलेली दिसत नाही. एक यंत्र म्हणजे एक हत्यार, असाच तो हिशोब होता.

या हिशोबाचा कळस पनामा कालव्यावर पाहायला मिळाला. १९०४ ते १९१४ या दहा वर्षांत अमेरिकेने हा कालवा खणला. त्यासाठी ब्युसायरस कंपनीची ९५ टनी वाफेची फावडी नेली होती. १९०६च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिथे गेले असता अशाच एका फावड्यावर चढून बसले. पांढऱ्या पोशाखातला त्यांचा तो फोटो जगभर गाजला. त्या फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की ते फावडे फक्त फुटलेला दगड उचलू शकत होते. दगड आधी फोडावा लागे. सुरुंगाची भोके पाडणे, त्यांत दारू ठासणे, फावड्याच्या पायाशी पडलेले धोंडे बाजूला करणे ही सगळी कामे माणसे करीत होती. त्यांतली बरीचशी बार्बाडोस आणि आजूबाजूच्या कॅरिबियन बेटांवरून आलेली होती. अमेरिकी काळात या कालव्यावर आजाराने आणि अपघाताने मिळून ५,६०९ माणसे दगावल्याची अधिकृत नोंद आहे. यंत्राकडे जे हत्यार नसते, त्याच्या जागी माणूस उभा राहतो. ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणार आहे, म्हणून ती इथेच सांगून ठेवली.

पुढची पायरी तारेच्या दोरांवर चालणाऱ्या यंत्रांची. १९०४ साली शिकागोकडे जॉन पेज याने ड्रॅगलाइन बनवली. लांब बूमवरून दोराला बांधलेली बकेट दूर फेकायची आणि ओढत आणायची, अशी तिची रीत. आता कंत्राटदारांना प्रश्न पडू लागला. खाली खड्ड्यात खणायला एक यंत्र, समोरचा डोंगर तोडायला दुसरे, दूरचा गाळ ओढायला तिसरे आणि ओझे उचलायला क्रेन चौथी. चार यंत्रे कोण विकत घेणार? त्यातून 'युनिव्हर्सल' एक्स्कॅव्हेटर आला. इंजिन, केबिन आणि चेन तीच ठेवायची आणि पुढचा अख्खा हात बदलायचा. इंग्लंडमध्ये लिंकन शहरात १९३० साली रस्टन-ब्युसायरस ही कंपनी उभी राहिली. तिची २२-आरबीसारखी यंत्रे याच प्रकारची होती. एकाच यंत्राला फावडे, ड्रॅगलाइन, ग्रॅब किंवा क्रेनचा हात लावता येई.

पण हे बदलणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. जुना बूम खाली उतरवायचा, ड्रमवरचे दोर उलगडायचे, नवा बूम चढवायचा आणि नवे दोर ओवायचे. चहा पिता पिता उरकणारे हे काम नव्हते. ते फिटरचे आणि त्याच्या माणसांचे काम होते. म्हणून कंत्राटदार एक काम संपून दुसरे सुरू होताना हात बदली, कामाच्या मध्ये बदलत नसे. यंत्राला चार हत्यारे मिळाली खरी, पण एका वेळी हातात एकच. बाकीची डेपोत.

खरा बदल घडला तो तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिक्सने. इटलीतल्या तूरिनचे कार्लो आणि मारियो ब्रुनेरी हे दोघे भाऊ. त्यांनी १९४८ साली चाकांवरचे हायड्रॉलिक खणणारे यंत्र तयार केले. त्याचे हक्क पुढे फ्रान्समधल्या सिकाम कंपनीकडे गेले आणि तिने यंत्राला 'युंबो' असे नाव दिले. जपानमध्ये मित्सुबिशीने १९६१मध्ये हे युंबो बनवायला घेतले आणि आजही जपानी माणूस कुठल्याही कंपनीच्या एक्स्कॅव्हेटरला 'युंबो'च म्हणतो.

आपल्याकडे नेमके हेच घडले, फक्त नाव वेगळे. फ्रान्समध्ये जॉर्ज बताय या गृहस्थाने १९२७ साली शेतीच्या यंत्रांचा कारखाना सुरू केला होता. त्याचे नाव पोक्लँ. या कारखान्याने १९५१मध्ये आपले पहिले हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर काढले आणि १९६१च्या सुमारास पूर्ण गोल फिरणारे टीवाय-४५ हे यंत्र. ते प्रचंड खपले. भारतात १९७०च्या दशकात लार्सन अँड टुब्रोने पोक्लँच्या परवान्याने ही यंत्रे बनवली. फ्रेंच 'पोक्लँ'चे आपण 'पोकलेन' केले आणि ते मराठीत आणि कोंकणीत असे काही बसले की आता कोमात्सू असो, टाटा-हिताची असो, चेनवर चालून खणणारे ते पोकलेनच. मूळ फ्रेंच कंपनीचा एक्स्कॅव्हेटरचा धंदा पुढे अमेरिकेच्या केस कंपनीकडे गेला आणि त्या नावाची नवी एक्स्कॅव्हेटर निघेनाशी झाली. फ्रान्समधल्या यंत्रांवरून पुसले गेलेले नाव आज डिचोली आणि सांग्याच्या पोरांच्या तोंडी आहे, ही भाषेची गंमत.

दुसरे नाव जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर या गावी एका छोट्या गॅरेजात काम सुरू केले आणि १९५३ साली त्यांचा पहिला बॅकहो लोडर आला. भारतात १९७९मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारी होऊन हरियाणातल्या बल्लभगढला कारखाना निघाला. जेसीबीचे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे आहे. या यंत्राने हत्यार बदलण्याचा प्रश्न बदलण्याशिवायच सोडवला. पुढे माती भरायचे रुंद सूप आणि मागे खणायचा हात. दोन्ही हत्यारे कायमची अंगावर. ऑपरेटरने खुर्ची मागे फिरवली की काम बदलले! कुळागरातला कामगार तीन हत्यारे खांद्यावर घेऊन हिंडतो, त्याचाच हा अवतार. पण अंगावर वागवण्यालाही मर्यादा असते. दोनाची चार हत्यारे करायची तर हाताच्या टोकालाच काहीतरी करायला हवे होते.

हायड्रॉलिक हाताच्या टोकाला बकेट दोन पिनांनी धरलेली असते. एक पिन बकेट हाताला जोडते. दुसरी पिन तिला सिलिंडरच्या सांध्याला जोडते. बकेट आत-बाहेर वळते ती या दोन पिनांच्या जोरावर. हेच पोकलेनचे मनगट. वीस टनी मशीनची पिन साधारण ८० मिलिमीटर जाडीची असते आणि एकटीचेच वजन पंधरा-सतरा किलोच्या घरात जाते. तारेच्या दोरांच्या मानाने ही फारच मोठी सोय झाली. पूर्वी अख्खा खांदा उतरवावा लागे, आता फक्त पंजा काढायचा.

पंजा वारंवार काढायची गरज निर्माण केली ती ब्रेकरने. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९६७ साली एचएम-४०० हा एक्स्कॅव्हेटरला लावायचा हायड्रॉलिक हातोडा बाजारात आणला. त्याआधी दगड फोडायचे काम सुरुंग करीत किंवा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे यंत्र दोन्ही हातांत धरून माणूस करी. त्या हादऱ्यांनी कामगारांच्या बोटांतली संवेदना कायमची जाई. ब्रेकरने तो माणूस मोकळा केला. पण आता एकाच खड्ड्यात, एकाच दिवशी, यंत्राला दोन हत्यारे लागू लागली. आधी माती, मग दगड, मग फुटलेला दगड उचलायला पुन्हा बकेट. आमच्या कचेरीसमोर घडले ते हेच. माती, जांभा आणि काळा दगड असे थर एकाखाली एक असलेल्या आपल्या मुलखात तर हे रोजचेच.

हत्यार बदलायला तास लागतो म्हटल्यावर माणूस काय करतो? तो बदलत नाही. आहे त्याच हत्याराने रेटतो. ब्रेकर लावायचा कंटाळा म्हणून बकेटनेच दगडाला ठोकून बघतो. अरुंद चर हवा असताना रुंद बकेटने खणतो आणि मग दुप्पट माती भरून काढतो. कड साफ करायची तर दाताच्या बकेटनेच ओरबाडतो आणि उरलेले काम खोरे घेतलेल्या चार माणसांना चरात उतरवून करून घेतो. त्या चराची भिंत कोसळली तर जीव त्यांचा जातो. म्हणजे पिना ठोकण्यातला तो पाऊण तास नुसता वेळेचा प्रश्न नाही. तो टाळला की त्याची किंमत कोणीतरी दुसरा मोजतो.

यावर तोडगा म्हणून क्विक कपलर आला. इंग्लंडात त्याला क्विक हिच म्हणतात. कल्पना साधी आहे. हाताच्या त्या दोन पिनांना एक जाड लोखंडी पकड कायमची बसवून टाकायची. पकडीला एका बाजूने आकडा आणि दुसऱ्या बाजूने कुलूप. प्रत्येक हत्याराला मात्र स्वतःच्या दोन पिना ठेवायच्या. ऑपरेटर आकडा एका पिनेत अडकवतो, हत्यार जरा उचलतो, ते स्वतःच्या वजनाने झुलून दुसरी पिन कुलपात येते आणि तेलाच्या दाबाने कुलूप मिटते. घण नाही आणि गंज नाही. पाऊण तासाचे काम एका मिनिटावर आले. कुळागरातल्या कामगाराची चपळाई यंत्रात आली म्हणायला हरकत नाही.

पण इथेच या गोष्टीचा सर्वांत कटू भाग सुरू होतो. सुरुवातीच्या अनेक कपलरांत कुलूप केबिनमधून मिटत असे, पण ते उघडू नये म्हणून एक छोटी सुरक्षा पिन हाताने घालावी लागे. ऑपरेटरने खाली उतरायचे, ती पिन आरपार घालायची आणि परत वर चढायचे. यांना सेमी-ऑटोमॅटिक म्हणत. दिवसात वीस वेळा बकेट बदलायची तर वीस वेळा उतरायचे. पावसात आणि चिखलात माणूस दहाव्या वेळी म्हणतो, आता एवढ्यासाठी कशाला उतरू? कुलूप तर मिटलेले दिसतेच आहे! आणि बहुतेक वेळा काही होतही नाही. मग कधीतरी तेलाचा दाब जातो किंवा पिन आकड्यात नीट बसलेलीच नसते, आणि जवळजवळ टनभर वजनाची बकेट सुटून खाली चरात उभ्या असलेल्या माणसावर पडते.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा अपघातांत माणसे मेली. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेने सेमी-ऑटोमॅटिक कपलरांबद्दल इशारे काढले आणि अनेक कंत्राटदारांनी आपल्या साइटवर ते वापरायला मनाई केली. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्यानेही २००५ साली कपलरमधून अचानक सुटणाऱ्या बकेटांविषयी खास पत्रक काढले. ही पत्रके वाचताना एक गोष्ट मनाला लागते. मरणारा बहुधा ऑपरेटर नसतो. तो वर केबिनमध्ये सुरक्षित असतो. ज्याने पिन घातली नाही तो वाचतो आणि ज्याला पिन म्हणजे काय हे कदाचित ठाऊकही नाही, तो खाली पाइप जोडणारा मजूर दगावतो.

घणाने ठोकलेल्या पिनेत त्रास होता, पण ती बसली आहे की नाही हे चार माणसांना डोळ्यांनी दिसत होते. काम सोपे झाले, तसे हे दिसणेही गेले. हा दोष सोपेपणाचा नाही. वेळ वाचवताना खात्री करून घेण्याचे ते दोन क्षणही वाचवले गेले, हा खरा दोष. पुढे सुधारणा झाली ती याच ठिकाणी. युरोपातली मानके कडक करण्यात आली आणि २०१६ साली क्विक कपलरच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ १३०३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. तेलाचा दाब गेला तरी हत्यार सुटू नये आणि कुलूप खरोखर मिटले आहे हे ऑपरेटरला बसल्या जागेवरून कळावे, या दिशेने आता कपलर बनवले जातात. शिवाय एक साधी शिस्त शिकवली जाते. हत्यार लावल्यावर आजूबाजूला माणूस नाही हे पाहायचे, बकेट जमिनीलगत ठेवून दाबायची, हलवायची आणि मगच ती उचलायची. खोऱ्याचा दांडा पक्का आहे ना, हे कामगार जमिनीवर आपटून बघतो. त्यातलाच हा प्रकार.

हत्यारे बदलण्याची ही विद्या सर्वांत पुढे नेली ती स्वीडनने. स्वीडन म्हटले की आपल्याला कोकण रेल्वे आठवायला हवी. १९९०मध्ये कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. सह्याद्रीचा कठीण खडक फोडण्यासाठी नऊ हायड्रॉलिक टनेलिंग यंत्रे स्वीडनहूनच आणली होती. पण या मार्गावरचे नऊ बोगदे खडकातून नव्हे तर मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतून जात होते. त्यांतलाच एक आपला पेडण्याचा. त्या मातीला चालेल असे हत्यार कुठल्याच यंत्राकडे नव्हते. खणावे आणि वरून चिखल कोसळावा, असे चालले. ते काम शेवटी हातांनी, इंचाइंचाने करावे लागले. मऊ मातीच्या या बोगद्यांनी चार वर्षे आणि १९ जीव घेतले. पनामाची गोष्ट आठवा. यंत्राकडे हत्यार नसले की माणूस उभा राहतो, तो असा. आगगाडी पेडण्याच्या बोगद्यात शिरते तेव्हा मोबाइलची रेंज जाते म्हणून आपण कुरकुरतो. त्या दोन मिनिटांत त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

तर स्वीडन. मजूर थोडे, मजुरी भारी, हिवाळा लांबलचक. तिथे एक्स्कॅव्हेटरबरोबर चार माणसे ठेवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून एका माणसाने एका यंत्रावर सगळे करायचे, ही तिथली गरज. विंडेल्न या छोट्या गावातून १९८६ साली टिल्टरोटेटर बाजारात आला. म्हणजे कपलरच्याही खाली बसवलेले असे मनगट, जे बकेटला पूर्ण गोल फिरवते आणि दोन्ही बाजूंना कलवतेही. पुढे १९९०मध्ये स्ट्रॉमसुंड इथे एन्गकॉन ही कंपनी निघाली आणि तिनेही हेच क्षेत्र धरले. त्यानंतर ऑइलक्विकसारख्या कपलरांनी ब्रेकरचे तेलाचे पाइपही आपोआप जोडायची सोय केली. ऑपरेटरला त्यासाठीही उतरायला नको आणि तेलात धूळही जायला नको.

आता तिकडचे दृश्य असे असते. चाकांचे एक्स्कॅव्हेटर रस्त्याने स्वतःच चालत कामावर येते आणि मागे एक ट्रेलर ओढून आणते. ट्रेलरवर अरुंद बकेट, रुंद बकेट, चिमटा, माती दाबायची प्लेट, झाडू अशी हत्यारे ओळीने मांडलेली. एकच माणूस खाली न उतरता एकेक उचलतो, वापरतो आणि परत जागेवर ठेवतो. हत्यारे एकमेकांच्या यंत्रांना बसावीत म्हणून तिथल्या लोकांनी मापेही ठरवून घेतली. एस-६०, एस-७० अशी त्यांची नावे. त्यातला आकडा म्हणजे पिनेची जाडी, मिलिमीटरमध्ये. खांद्यावर तीन हत्यारे घेऊन येणारा आमचा कुळागरातला कामगार मला या ट्रेलरात दिसला.

आपल्याकडे हे कधी येईल? क्विक कपलर भारतात मिळतात, मोठ्या कामांवर ते वापरलेही जातात. पण आपल्या रस्त्यांवर मी जी यंत्रे पाहतो त्यांतल्या बहुतेकांच्या पिना अजून घणानेच निघतात. कारणही उघड आहे. कपलरला पैसे पडतात आणि घण मारणारा पोरगा स्वस्तात मिळतो. त्याला हेल्पर म्हणतात. ऑपरेटर व्हायच्या आशेने तो दोन-तीन वर्षे ग्रीस लावतो, डिझेल भरतो आणि पिना ठोकतो.

असाच एक हेल्पर आमच्या वाड्यावर आहे. आता तो हेल्पर राहिलेला नाही. २००९ साली, खाणी जोरात होत्या तेव्हा, तो एका खाणीवर पोकलेनवर लागला होता. वय एकोणीस. एक दिवस बकेट बदलताना भोके एका रेषेत आली की नाही हे बघायला त्याने भोकात बोटे घातली. वरच्या ऑपरेटरला वाटले, तो बाजूला झाला. त्याने हात इंचभरच हलवला. उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. पुढे २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा सगळेच घरी बसले आणि याच्या बोटांची गोष्ट त्या मोठ्या गोष्टीत विरून गेली. आज त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे.

चवथीला तो घरी आला होता. हा लेख डोक्यात घोळत होता म्हणून मी त्याला क्विक कपलरविषयी सांगितले. स्वीडनचा ट्रेलर, एका मिनिटात बदलणारी बकेट, सगळे. त्याने नेवऱ्या खात खात ऐकून घेतले. त्याला ते ठाऊक होते. मोबाइलवर त्याने असे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. मग म्हणाला, "दादा, बुराकांत बोट घालप न्हय. पारय घालची. इतलेंच म्हाका कोणें तरी आदीं सांगपाक जाय आशिल्लें."

खरेच आहे. भोकात बोट घालू नये, पारय घालावी. यासाठी स्वीडनहून काही आणावे लागत नाही. पारय तिथेच, पोकलेनच्या चेनला टेकून ठेवलेली असते.

आमच्या कचेरीसमोरचा चर आता बुजला आहे, वर डांबरही पडले आहे. पण त्या दिवशी पाऊण तास खोळंबलो म्हणून आम्ही खिडकीतून जी नावे ठेवली, ती मी मनातल्या मनात मागे घेतली आहेत. तुमच्याही दाराशी पोकलेन येईल, पिना निघता निघत नाहीत असे दिसेल. तेव्हा त्या पोरांना घाई करू नका. आणि त्यातला कोणी भोकात बोट घालताना दिसलाच, तर शिष्टाचार बाजूला ठेवून खिडकीतून ओरडा.